दुशराच्या वाटेनं नबी हारूनच्या डोंगरावर

पेट्राला येणारे बहुतेक लोक ‘खजिन्या’पाशी थांबतात. तांबूस-गुलाबी दगडात कोरलेला तो ४० मीटर उंचीचा दर्शनी भाग बघायचा, फोटो काढायचे आणि माघारी फिरायचं. त्यांना दोष देता येत नाही, ते काम आहेच तसं. पण जॉर्डनच्या या डोंगरांत नबातियन या प्राचीन अरब लोकांचं राज्य होतं, तेव्हा इथे माणसं व्यापाराला येत तशीच देवाच्या भेटीलाही येत. मला त्यांच्या वाटेनं चालायचं होतं. सिकच्या घळीतून शहरात, शहरातल्या मोठ्या देवळापर्यंत, आणि तिथून जबल हारूनच्या, म्हणजे नबी (प्रेषित) हारूनच्या डोंगराच्या, माथ्यावर.

पहाटेच निघालो. सोबत बदूल जमातीतले साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. त्यांचं बालपण पेट्राच्या गुहांमध्येच गेलं. १९८५च्या सुमारास सरकारनं त्यांच्या लोकांना वरच्या अंगाला, उम्म सैहून गावात घरं दिली. गुहेत उन्हाळा कसा सुखाचा जायचा, हे ते दिवसभर आठवून आठवून सांगत होते.

सिकच्या तोंडाशी आधी बंधारा लागतो. इथे पाऊस वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर. पण पडतो तेव्हा एकदम कोसळतो आणि आजूबाजूच्या डोंगरांचं पाणी या अरुंद घळीकडे धावतं. नबातियनांनी बंधारा घालून आणि डोंगरातून बोगदा खोदून तो लोंढा बाहेरच्या बाहेर वळवला होता. ही व्यवस्था मोडल्यावर काय होतं ते १९६३मध्ये दिसलं. सिकमध्ये पूर घुसला आणि वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी दगावले. त्यानंतर बंधारा पुन्हा बांधून काढला. घळीच्या एका भिंतीत पाण्याचा पाट कोरलाय, दुसऱ्या भिंतीत भाजक्या मातीचे नळ. त्यातले थोडे नळ अजून एकात एक अडकलेले दिसतात. वाळवंटातलं राज्य कशावर उभं होतं, ते इथे समजतं. दक्षिण अरबस्तानातून धूप आणि बोळ हा सुगंधी डिंक घेऊन गाझाच्या बंदराकडे निघालेल्या तांड्यांना याच लोकांनी पाणी आणि संरक्षण दिलं, आणि त्यावर श्रीमंत झाले.

सिक सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. मधल्या एका वळणावर भिंतीवर उंटांचा तांडा कोरलाय, खऱ्याहून मोठा. वरचं सगळं वाऱ्यापाण्यानं झिजून गेलंय. उरलेत ते पाय. उंटाचे पसरट तळवे, हाकणाऱ्याच्या झग्याचा घोळ आणि त्याखाली त्याची पावलं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. चेहरे गेले आणि चालणं तेवढं राहिलं, हे पाहून मला गलबलून आलं.

जवळच देवाचे कोनाडे आहेत. कोनाड्यात मूर्ती नाही, दगडाचा नुसता उभा ठोकळा. कुठे त्यावर दोन चौकोनी डोळे आणि सरळ नाक. हा दुशरा, शरा डोंगरांचा स्वामी, नबातियनांचा मुख्य देव. अल-उझ्झा ही त्यांची मोठी देवीही अशाच डोळेवाल्या शिळेच्या रूपात असे. गावच्या वेशीवर शेंदूर माखलेल्या तांदळ्यापुढे ज्यानं लहानपणी हात जोडलेत, त्याला या दगडात देव कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

यातले काही कोनाडे सबिनोस नावाच्या माणसानं कोरवून घेतले. शिलालेखात तो अलेक्झांड्रोसचा मुलगा, अद्रा गावचा, उत्सवाचा प्रमुख असल्याचं लिहिलंय. अद्रा म्हणजे आजच्या सीरियातलं दरा, इथून अडीचशे किलोमीटरहून लांब. रोमन सम्राट ट्राजननं इसवी सन १०६मध्ये हे राज्य खालसा केलं, पण सबिनोसचे कोनाडे त्यानंतरचे आहेत. राजा गेला तरी यात्रा बंद पडली नव्हती. पेट्राची व्यापारी नगरी म्हणून जेवढी वाखाणणी होते, तेवढी या यात्रेची होत नाही, आणि ते मला खटकतं.

या लोकांच्या जेवणावळीही ठाऊक असाव्यात अशा आहेत. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की ते तेरा-तेरा जणांच्या पंगतीत बसत, प्रत्येक पंगतीला दोन गायिका असत, आणि राजा स्वतः उठून इतरांना वाढी. तीन बाजूंना बाकं कोरलेल्या त्या भोजनाच्या खोल्या वाटेत जागोजाग दिसतात, कितीतरी थडग्यांना लागूनच.

खांबांच्या रस्त्याच्या शेवटी कस्र अल-बिंत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेच दुशराचं देऊळ. भिंती अजून २३ मीटर उभ्या आहेत, समोर मोकळ्या अंगणात वेदी. गर्दी इथे संपते. पुढे वादी (कोरडी दरी) अस-सुग्राची वाट, एका ठोकळ्यावर वेटोळं घातलेला दगडी नाग, आणि मग चढ. झाड नाही, सावली नाही, पायाखाली सुटी खडी. आमच्या सोबत्यांनी मध्येच काटक्या पेटवून चहा केला, सपाटून साखर घालून, आणि माझ्या हाती पेला देत म्हणाले, “नबी हारूनकडे घाईनं कुणी जात नाही.”

जबल हारून साधारण १३५० मीटर उंच. माथ्यावर चौदाव्या शतकातला पांढऱ्या घुमटाचा दर्गा आहे. मूसाचा (मोझेसचा) भाऊ हारून इथे विसावला अशी श्रद्धा आहे. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिघेही त्याला मानतात. घुमटाच्या थोडं खाली फिनलंडच्या पथकानं बायझंटाईन काळातला मठ उकरून काढला आणि त्याच्याही आधीची नबातियन पूजेची जागा तिथे सापडली. १८१२मध्ये स्विस प्रवासी बुर्कहार्ट पेट्रात शिरला तोही हारूनला बकरा कबूल केल्याचं सांगूनच. त्याला माथ्यापर्यंत मात्र जाता आलं नाही.

वर आमच्या सोबत्यांनी फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हटली. मी माझ्या सवयीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. पश्चिमेला वादी अराबाचं विस्तीर्ण सपाट वाळवंट आणि त्यापलीकडे नेगेव्ह दिसत होतं.

तुम्ही जाणार असाल तर जाऊन-येऊन अख्खा दिवस धरा, कस्र अल-बिंतनंतर पाण्याची सोय नाही हे लक्षात ठेवा आणि बदूलांपैकी कुणाला तरी सोबत घ्याच. दर्ग्याला कुलूप असू शकतं, तेव्हा किल्लीची चौकशी खाली गावातच करून निघा.