हर्णैचा समुद्र, ६ बाय ८ इंचात

ऑइल रंगातली छोटी चित्रं करायला लागले त्यामागे फार काही कलात्मक विचार वगैरे नव्हता, समुद्र थांबत नाही एवढंच. दापोलीजवळच्या हर्णै, मुरुड, कर्दे ह्या पट्ट्यात ओहोटीच्या ओल्या वाळूत आभाळ उतरतं ते जेमतेम तासभर, तेवढ्यात मोठा कॅनव्हास काही भरून होत नाही, मग उरलेलं घरी येऊन फोटोवरून करा, आणि फोनच्या फोटोत समुद्र बघावा तेव्हा निळाच. हर्णैचा समुद्र निळा नाहीच हो. काठाशी मातकट, पुढे राखाडी-हिरवट, आणि समुद्रातल्या सुवर्णदुर्गाच्या मागे ढगाची सावली पडली तर एखादा जांभळट पट्टा. अल्ट्रामरीन निळा मी घेते, पण त्यात यलो ऑकर, बर्न्ट सिएना हे मातकट रंग आणि भरपूर पांढरा गेल्याशिवाय ते पाणी दिसत नाही.

कधी जायचं हे कालनिर्णय बघून ठरवायचं, हे तिथल्या एका काकांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्याच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला संध्याकाळी पाचच्या आसपास पाणी लांब गेलेलं आणि ऊन तिरकं, मला हवं तसं. पण वेळ रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे खरे कामाचे दिवस दोन-तीनच, तेव्हा ऑफिसात रजा मागताना अमावस्या आहे म्हणून सांगितलं की बॉस वेगळ्याच नजरेने बघतो.

सामान कमीत कमी. सुताराकडून एमडीएफचे ६ बाय ८ चे तुकडे कापून आणते आणि जेसो, म्हणजे रंगाखालचा पांढरा लेप, दोन्ही बाजूंना मारते, एकाच बाजूला मारला तर दमट हवेत पाटी वाकते. कॅनव्हास बोर्ड मी सोडले, पावसाळ्यात बुरशी धरतात. परत येताना ओली चित्रं दोन-दोन तोंडाला तोंड लावून, कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून बांधायची, ताम्हिणी घाटातून पुण्याला येताना गाडी कितीही हादरली तरी रंग पुसत नाही. आणि हे जरा लक्ष देऊन वाचा, ऑइल रंगातल्या जवसाच्या तेलाने माखलेली फडकी बोळा करून डिकीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात बुडवा नाहीतर उघडी पसरून वाळवा.

वाळायचं म्हणाल तर मातीचे रंग, म्हणजे तपकिरी अंबर, सिएना, दोन-चार दिवसांत हाताला लागत नाहीत, जांभ्याचे कडे म्हणून लवकर सुकतात. आभाळात पांढरा जास्त, ते चिकटच राहतं. पावसाळ्यात चित्रं कपाटात बंद होती तर पांढरे भाग पिवळट पडले, मी घाबरलेच, पण अंधारात जवसाचं तेल असं पिवळं पडतं आणि उजेडात ठेवलं की बरंचसं उतरतं. खिडकीशी मांडून ठेवली, आलं जाग्यावर.

मग प्रदर्शन. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, आणि खरं सांगू का, एवढीशी चित्रं त्या उंच भिंतींवर दिसलीही नसती. पुण्यातच एक छोटं कलादालन घेतलं. फ्रेम, पत्रिका, उद्घाटनाचा चहा हे सगळं पैसे खाणारं पण सोपं काम. जड गेलं ते टांगणं. नेहमीच्या पद्धतीने फ्रेमच्या वरच्या कडा एका रेषेत घेतल्या तर भिंत विचित्र दिसायला लागली, कारण प्रत्येक चित्रात क्षितिज वेगळ्या उंचीवर, डोळा नुसता वर-खाली उड्या मारतो. शेवटी सगळी उतरवली आणि क्षितिजं एका दोरीत घेतली, फ्रेम गेल्या खड्ड्यात. कडा वेड्यावाकड्या झाल्या पण दालनभर एकच समुद्र फिरला, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. दिवेसुद्धा तिरके करून घ्यावे लागले, समोरून टाकले की ऑइलचे गडद भाग नुसते चमकतात.

किंमत सगळ्यांना एकच, फ्रेमसकट साडेसहा हजार. "एवढ्याशाला?" हे रोज ऐकलं. एकांनी सोफ्यावर लावायला ह्यातलंच चार फुटी करून द्याल का विचारलं, मी नाही म्हटलं, ते वेगळं चित्र होईल आणि मला ते येत नाही. पण लांबून नजर टाकून निघालेली माणसं नाकाशी नाक लावून बघायला लागतात, ते ह्याच आकारामुळे. मूळचे आंजर्ल्याचे एक आजोबा आले होते, चष्मा वर करून एकेक चित्र बघत गेले आणि एकापाशी म्हणाले, हे पाणी भरतंय, ते बाजूचं ओसरतंय. बरोबर होतं. लेबलवर मी फक्त गावाचं नाव लिहिलं होतं.

विकली गेलेली बरीच चित्रं अजून आतून कच्ची आहेत, पक्कं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने. त्यामुळे घेणाऱ्यांना सांगितलंय, दिवाळीनंतर एक दिवस आणून द्या, लावून देते, पैसे नाहीत. तोवर धूळ बसली तर कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका, आणि गॅसच्या शेगडीजवळ तर अजिबात टांगू नका.