मिनीचा हँडब्रेक: उजवं चाक धरत नव्हतं

मागचे काही आठवडे उतारावर गाडी लावली की हँडब्रेक सात-आठ दात (लिव्हरचे खटके) वर ओढावा लागत होता, आणि तरीही गाडी इंचभर सरकायचीच. मी सरळ लिव्हरजवळचे, केबल ताणणारे दोन्ही नट आवळले. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शिवाय डावा ड्रम (चाकामागचं ब्रेकचं गोल भांडं) हात लावता येणार नाही इतका तापायला लागला. आवळण्याची घाई चुकली होती.

रविवारी मागची बाजू स्टँडवर घेतली. मिनीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. ती उचलली की गाडीला धरायला काहीच उरत नाही, म्हणून पुढच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नका.

आधी केबल पूर्ण ढिल्या केल्या. मग ड्रममागच्या चौकोनी अ‍ॅडजस्टरने चाक जाम होईपर्यंत आवळलं आणि मोकळं फिरेल इतकंच मागे सोडलं. दोन्ही बाजूंना नीट जमलं. तरी उजवा ड्रम उघडून पाहिलाच: लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) जाड, ब्रेकचा सिलिंडर कोरडा, आतली लिव्हर हलती. (जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारून धूळ उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.) माझी गाडी जुनी, दोन केबलवाली, प्रत्येक चाकाला स्वतंत्र केबल. एकच चाक धरत नाही आणि ड्रम ठीक आहे, म्हणजे दोष त्याच केबलच्या वाटेवर.

भावाला लिव्हर ओढायला बसवलं आणि टॉर्च घेऊन खाली गेलो. मागच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) पत्र्याचा एक छोटा सेक्टर असतो. केबल त्याच्यावरून वळून चाकाकडे जाते, आणि ओढली की सेक्टरनेही तिच्याबरोबर फिरायला हवं. डावा छान फिरला. उजवा ढिम्म! केबल त्याच्या खाचेत करकरत घासत होती. घासलेल्या जागी तारा चपट्या होऊन चकाकत होत्या, एक तुटून बाहेर आली होती. ओढलेला निम्मा जोर तिथेच खर्ची पडत होता.

सेक्टरच्या पिव्हटवर (तो ज्या पिनवर फिरतो तिथे) गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी हलक्या हातोडीने टकटक केल्यावर केसभर हलला, मग हळूहळू मोकळा झाला. पिन काढली तर तपकिरी भुगाच पडला. पॉलिशपेपरने घासून, भरपूर ग्रीस भरून परत बसवली. डावा सेक्टर चालू होता, पण त्यालाही ग्रीस दिलं. ही जागा चिखलपाण्याच्या थेट माऱ्यात असते.

जोडणी करताना लिव्हर तिसऱ्या दातावर ठेवून नट फिरवले, दोन्ही चाकं हाताने जोर लावूनच जेमतेम फिरतील इथपर्यंत. लिव्हर सोडली की दोन्ही मोकळी.

काल त्याच उतारावर तीन दातांत गाडी जागची हलली नाही. तार तुटलेली केबल मात्र ठेवणार नाही. नवी आली की उजवी बाजू पुन्हा उघडेन, तोवर गाडी गिअरमध्ये आणि चाकाला ठोकळा.