पोळी न झालेली होळी

सोमवार

दुसऱ्या तासाला पहिल्या बाकावरचा पोरगा सारखा पोट खाजवत होता. पाढे म्हणता म्हणता उठून आला, शर्ट वर केला आणि म्हणाला, "बाई, बघा ना, मुंगी चावली." बेंबीच्या वर तीन फोड. एक नुसताच लाल ठिपका, दुसरा फुगलेला, तिसऱ्यात पाणी. स्वच्छ, अळूच्या पानावरच्या थेंबासारखं. मी वाकून, नाक पोटाला लागेल इतक्या जवळून बघत होते. मग एकदम मागे सरले. त्या बिचाऱ्याला वाटलं बाई रागावल्या.

मावशींनी दारातूनच हात जोडले. मोठ्या बाई म्हणाल्या, पालक येईपर्यंत वर्गातच कोपऱ्यात बसू दे, कांजिण्या काय सगळ्यांनाच येतात. मला चौदावा आठवडा चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चोरओटी होईपर्यंत कुठे बोलू नकोस, असं सासूबाईंनी बजावलेलं. आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगावं लागलं. पेढे देऊन सांगायची बातमी कांजिण्यांनी फोडली. अभिनंदन झालं, पण पोरगा दीड वाजेपर्यंत कोपऱ्यातच होता.

संध्याकाळी आईला फोन केला. "मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का गं?"

"एकाला आल्या होत्या. तुला, नाहीतर दादाला. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं."

"पण कुणाला?"

"अंघोळीच्या पाण्यातसुद्धा पालाच. आणि घरात फोडणी बंद, चांगली आठ दिवस."

पाला आठवतो, फोडणी आठवते, पोर कुठलं ते आठवत नाही!

मंगळवार

डॉक्टरांनी आधी विचारलं, त्याच्यासोबत किती वेळ होतात? एका खोलीत पंधरा मिनिटं असलात तरी संपर्क धरतात. मी म्हटलं, अख्खा सकाळचा वर्ग. शुक्रवारी आणि शनिवारीही, पण तेव्हा त्याच्या अंगावर काही नव्हतं. तर म्हणे, पुरळ उठायच्या दोन दिवस आधीपासूनच लागण होते. शनिवारी मी त्याच्याकडून 'ळ' गिरवून घेतला होता. हातात हात धरून.

लहानपणी नक्की येऊन गेल्या असतील तर काळजी नाही. त्यांनी 'नक्की'वर जोर दिला. नसतील आल्या आणि आता झाल्या, तर मला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि विसाव्या आठवड्याच्या आत असल्यामुळे बाळाचे डोळे, हातपाय, कातडी यांना इजा होऊ शकते. शंभरात एखाद-दुसऱ्या बाळाला. माझ्या वर्गात बेचाळीस पोरं. घरी येईपर्यंत रिक्षात मी तेच करत होते, जवळजवळ अडीच वर्ग आणि त्यातली एक-दोन. कुठल्या बाकावरची?

लस आता घेता येत नाही, ती जिवंत विषाणूची असते. प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन आहे, पण ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यायचं, महाग आहे आणि मागवावं लागतं. आधी रक्त तपासू म्हणाले. शुक्रवारपासून धरलं तर चार दिवस गेलेच.

रात्री झोप नाही, म्हणून मोबाइल. कांजिण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ च्या सुमारास तयार केली. तिचा विषाणू घेतला होता एका तीन वर्षांच्या आजारी मुलाच्या फोडातल्या पाण्यातून. त्या मुलाच्या आडनावानेच ते वाण अजून ओळखतात. मला सारखा तो तिसरा फोड दिसत राहिला.

बुधवार

घरीच. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं? बाळंतपणाची रजा २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची झाली, पण वर्गात कांजिण्या आल्या म्हणून घरी बसायचं असेल तर त्याला रकाना नाही. किरकोळ रजा लिहिली. शिल्लक चार. कांजिण्या उठायच्या असतील तर दहाव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कधीही उठतात. चारात काय बसवू?

पालकांना पाठवायची चिठ्ठी मोठ्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिली. खपल्या धरेपर्यंत मुलाला पाठवू नका, घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारा. दुसरं वाक्य त्यांनी काढून टाकलं. उगाच घबराट नको म्हणे. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असणाऱ्या आयांपैकी निदान दोघींची पोटं मला दिसतात. त्या दोघींना मीच फोन केले.

रात्री दादाचा फोन. "तुलाच आल्या होत्या. मला कधीच आल्या नाहीत. होळी होती, तू आतल्या खोलीत, आणि आईने पोळीच केली नाही. शेजारच्या काकूंनी अर्धी दिली, तीपण शिळी. मी दुसरीत होतो."

एवढ्या वर्षांचा राग, तोही अर्ध्या पोळीचा. मला आईच्या पाल्यापेक्षा तो भरवशाचा वाटला.

गुरुवार

रिपोर्ट आला. 'पॉझिटिव्ह' वाचून पायातलं बळच गेलं. करोनाने त्या शब्दाची तशी सवय लावून ठेवली आहे. डॉक्टर हसले. इथे पॉझिटिव्ह म्हणजे जुन्या कांजिण्यांची प्रतिपिंडं रक्तात आहेत. इंजेक्शन नको, शाळेतही जा. वर म्हणाले, हीच प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातील, जन्मानंतर काही महिने पुरतील.

दादाला सांगितलं. "म्हणजे माझी पोळी भाचरानं खाल्ली," म्हणाला. यंदाच्या होळीला व्याजासकट वसूल करणार आहे.

आईला मात्र हे मुळीच पटलेलं नाही. कांजिण्या तुला आल्या असतील बाई, म्हणते, पण आपल्या घरात होळीला पोळी झाली नाही असं कधी झालेलंच नाही.