कट्ट आवाज झाला होता

मे महिन्यातली दुपार. आमच्या कामठी रोडच्या गॅरेजात या दिवसांत पाना उन्हात राहिला तर पुन्हा उचलताना फडकं लागतं. एक गिऱ्हाईक पेट्रोल व्हॅन दोर बांधून ओढत घेऊन आलं. "भाऊ, सकाळी मस्त चालते, दुपारी बंद पडून राहिली. पेट्रोलचा पंप नवा टाकला, रिले नवा टाकला, तरी तेच."

पंपाचं कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, सोडून मीटर लावलं: 12.3 व्होल्ट. आधीच्या मिस्त्रीनं एवढंच पाहून पंप बदलला असणार. पण मीटर करंट ओढतच नाही. एका तारेवर लटकलेला जोडही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मी 55 वॅटचा हेडलाइट बल्ब जोडला. पिवळट पेटला. मग कपलर जोडून, पंप चालू ठेवून कपलरच्या दोन बाजूंना मीटर टोचलं, तर 2.6 व्होल्ट तिथंच खपत होते. पंप 6 अँपिअर घेत होता. म्हणजे नखाएवढ्या पिनेत 15-16 वॅटची उष्णता, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! कपलरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालेलं.

पिन बाहेर काढायला टेप सोडली आणि हात थांबला. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं. तशी टेप मीच मारतो. मागच्या पावसाळ्यात उंदरानं कुरतडलेली वायर मीच जोडली होती.

वायरीवर पिन दाबायचा क्रिम्पिंग प्लायर चांगला रॅचेटवाला होता, पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशीही कट्ट आवाज झाला असेल, मी निर्धास्त झालो असेन. पण त्यात लाल-निळ्या प्लास्टिकच्या थिंबलची (वायरीच्या टोकाला लावायच्या टोपीची) डाय, म्हणजे दाबायचा साचा होता. तो साचा उघड्या पिनेला नुसती चपटी करतो. पिनेचे कान वळून तारांमध्ये घुसत नाहीत. वायर जरा ओढली तर हातात आली. तांबं काळं पडलेलं.

चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली आणि योग्य डायनं नवी पिन दाबली. पुढचे कान तारांवर, मागचे इन्सुलेशनवर. शेजारचा म्हणाला, सोल्डरही टाक. नाही टाकलं; सोल्डर वायरीत चढलं की ती तिथं ताठ होते आणि हादऱ्यांनी त्याच कडेला तुटते. आता कपलरमध्ये खपणारा व्होल्टेज, म्हणजे ड्रॉप, 0.04 व्होल्ट.

गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, पैसे घेतले नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"मंग जुना पंप चांगलाच होता?"

"होता."

"तो तर मी भंगारवाल्याले देऊन टाकला नं भाऊ."