टाच

दिवे घाटात टाचेला फोड आला. पुढचं सासवड आणि जेजुरीचा भंडारा मी त्या फोडासकट पाहिला.

वाल्ह्याच्या अलीकडे बाभळीखाली बसलो. शेजारी एक आजी, डोक्यावरची तुळस उतरवून.

"कितवी वारी, माउली?"

"पाचवी." का म्हणालो, देव जाणे. पहिलीच होती.

तिनं माझा पाय मांडीवर ओढला, तळवा चाचपला आणि हसली. "पाचव्या वारीचा पाय इतका मऊ नसतो रं." पिशवीतून सुई काढली, काडी पेटवून टोक तापवलं, दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोन्हीकडे बोटभर सोडून दातानं तोडला. "राहू दे आत. पाणी आपसूक झिरपंल." मी हळूच "पहिलीच" म्हणालो, तोवर ती दुसरीकडे वळून कुणाशी तरी बोलत होती. मग तुळस उचलून गेलीच. नाव विचारायचं राहिलं. इथं विचारतं तरी कोण? सगळेच माउली.

रात्री तंबूत घोरणं, बाहेर कर्णा. दोन वाजता टँकरपाशी भांडण जुंपलं, तेही "माउली, रांगेत या ना!" असं दातओठ खात. मीही ओरडलो. मग झोप उडाली ती उडालीच.

पिशवीत हरिपाठाशेजारी मराठी बायबल असतं. घरी ते अजून पचलेलं नाही. मोबाइलच्या उजेडात उत्पत्तीचा 32वा अध्याय काढला. बायकापोरं, गुरंढोरं यब्बोक नदीपार धाडून याकोब एकटा उरतो. ज्याला फसवलं तो भाऊ 400 माणसं घेऊन येतोय. अशा रात्री पहाटेपर्यंत झोंबणारा तो कोण, हे गोष्ट उघड करत नाही. मला तो बाहेरून आलेला वाटतच नाही. तो विचारतो, "तुझं नाव काय?" आंधळ्या बापानं 'तू कोण' विचारलं तेव्हा हा भावाचं नाव घेऊन 'एसाव' म्हणाला होता. आता 'याकोब' म्हणतो. या नावातच टाच आहे: जन्मताना भावाची टाच धरलेला. म्हणजे नाव सांगणं हाच कबुलीजबाब. नवं नाव त्यानंतर मिळतं. जांघेचा सांधा मात्र झोंबताना आधीच निखळलेला. आणि याकोब उलट नाव विचारतो, तेव्हा समोरचा सांगत नाही.

अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो पहिल्या शतकात याकोबाला साधक म्हणून गेला, सतत सराव करणारा. मला ते जरा सोवळं वाटतं. त्या पानावरचा माणूस घाबरलेला आहे आणि लबाड आहे. माझ्यासारखा. 'पाचवी' आठवली आणि अंधारात कान तापले.

नीरा स्नान झालं. लोणंदला पाय धुताना दोरा निघून आला. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात धुळीपलीकडे काहीच दिसलं नाही, पण घोडा गेला तेव्हा रडू आलं.

फलटणच्या वाटेवर एकानं विचारलं, "कितवी वारी?"

"पहिली."

"मग लंगडणारच," म्हणाला आणि टाळ वाजवत पुढं गेला.