भटकंतीची वही, मे अखेर: पत्ता कुठला द्यायचा, कुठला गाळायचा

मंडळी, पाऊस यायच्या आत ही नोंद लिहून मोकळी होते. दिवाळीत ठरवलं होतं की यंदा शक्य तिथे एसटीने जायचं, गावातल्या घरात राहायचं, आणि लिहायला बसण्याआधी त्या जागेचा पत्ता द्यायचा की नाही हे ठरवायचं. पहिली दोन कामं बऱ्यापैकी जमली. तिसऱ्याने डोकं खाल्लं, त्यामुळे बरीचशी नोंद त्याच्यावरच आहे.

एसटीचं आधी उरकते. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा खर्चाबद्दल बोलायला तोंड नाही. खरी अडचण तालुक्याच्या स्टँडपासून पुढची. मंडणगडपर्यंत आरामात पोचता, तिथून वेळास या किनाऱ्यावरच्या गावाला जाणाऱ्या गाड्या मात्र मोजक्या. वेळ बोर्डावर वाचण्यापेक्षा चौकशीच्या खिडकीवर विचारा, आणि खिडकीवर कुणी नसेल तर बाहेरच्या चहावाल्याला. त्याला सगळं पाठ असतं. हरिहरेश्वराकडून येणार असाल तर बागमांडल्याची फेरीबोट पकडा; पलीकडे वेसवीला उतरून बाणकोटवरून वेळास जवळ पडतं.

आता वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून पूर्वी ओळखायचे, आता कासवांचं गाव म्हणून. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत इथल्या वाळूत अंडी घालून जातात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती अंडी माणसं खणून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. अंडी नेणाऱ्या गावातच अंडी राखणारे तयार झाले, ते नुसत्या उपदेशाने नव्हे. पिल्लं बघायला आलेला माणूस गावातच जेवतो, गावातच झोपतो आणि त्याचे पैसे थेट त्या घरात जातात. हे गणित ज्याला कळलं त्याला वेळासबद्दल काय लिहायचं ते वेगळं सांगायला नको.

मी गेले ते मार्चमधे, आठवड्याच्या मधल्या दिवशी. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी आहे. नैसर्गिक घरट्यासारखाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात अंडी पुरतात, वर तारखेची पाटी. पन्नासेक दिवस भरत आले की त्या जागी टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा माणूस, येऊन एकेक टोपली उचलून बघतो. पहिल्या संध्याकाळी सगळ्या टोपल्या रिकाम्या. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाचा चेहरा पडला. “आम्ही उद्या सकाळी निघणार हो,” असं ते कासवमित्राला सांगत होते, जणू तो आत जाऊन पिल्लांना निरोप देणार होता.

दुसऱ्या संध्याकाळी एका टोपलीखाली वाळू हलत होती. तळहातावर मावतील एवढी काळपट पिल्लं, पाठीवर ओली वाळू थापलेली, एकमेकांच्या अंगावरून चढत वर येत होती. कासवमित्राने ती पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली. आम्ही सगळे दोरीच्या मागे. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि उघड्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्राकडची बाजू असते. अंधारून आलं होतं, म्हणून मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. कडेच्या एका पिल्लाने खरंच मान वळवली. “लाइट बंद करा दादा, नायतर तें तुमच्याबरोबर मुंबईला येईल!” कासवमित्र ओरडला. सगळे हसले आणि टॉर्च विझला. दटावणीच्या पाटीपेक्षा हे वाक्य कितीतरी कामाचं. माझ्याकडे या संध्याकाळचे दोनच फोटो आहेत, दोन्ही काळपट, आणि तेच छापणार आहे.

ज्या काकूंकडे राहिले त्या रात्री घावने वाढता वाढता म्हणाल्या, “लिही हो, पण माझा नंबर नको घालूस. रात्री बाराला फोन येतात, पिल्लू निघालं का म्हणून.” मग पुढे, “आणि पिल्लांपुरतेच येतात सगळे. पावसाळ्यात गाव किती सुंदर असतं ते पण लिही.” तेव्हा लिहिते: वेळासला पावसाळ्यातही जा. घरं गावात विचारून मिळतात. पिल्लं दिसायची हमी कुणीच देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे राहू नका.

कासवं किती लांबची असतात त्याचा एक किस्सा या निमित्ताने. ओडिशातल्या गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे अख्ख्या दक्षिणेला वळसा घालून बाई आल्या. आपण एसटीच्या दोन तासांसाठी कुरकुरतो.

तर वेळासचा पत्ता मी ठळक देते, कारण तिथे गर्दी सांभाळायला माणसं आहेत, नियम आहेत आणि त्या गर्दीवर कुणाचं तरी घर चालतं. उलट उदाहरण फेब्रुवारीतलं. एका ओढ्याकाठच्या दरडीत शृंगी घुबडाचं घरटं दिसलं. घरटं कसलं, कपारीतल्या मातीवरच पिल्लं. तिथे ना गावकरी, ना वनरक्षक, ना दोरी. घुबडांवर आपल्याकडे अंधश्रद्धेचा डोळा असतो, आणि तो नसला तरी रोज चार कॅमेरेवाले समोर उभे राहिले की आईबाप पिल्लांजवळ यायचे थांबतात. या जागेचा तालुकासुद्धा मी लिहीत नाही. विचारू नका, रागावू नका.

पण नाव गाळून भागत नाही. फोनवर काढलेल्या फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश बसलेले असतात. मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन कायमचं बंद केलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळते. पण क्लॅरिटी जाऊ नये म्हणून आपण डॉक्युमेंट करून पाठवतो ना, त्यात ती जशीच्या तशी जाते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा ‘ऑब्स्क्युअर्ड’ ठेवायची सोय आहे. नकाशावर खूण साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी पडते आणि अभ्यासाला नोंदही उपयोगी राहते. ईबर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ काही संवेदनशील प्रजातींच्या जागा आपणहून झाकतं. आणि पार्श्वभूमी! ओळखीचा सुळका किंवा पवनचक्की मागे दिसली की जाणकाराला पुरे. फोटो कापायला शिका.

या दोन टोकांच्या मधल्या जागा मात्र अवघड. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराचंच घ्या. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळातल्या ३९ ठिकाणांमध्ये २०१२ साली त्याचं नाव आलं आणि साताऱ्याहून गाड्यांची रांग लागली. आता ऑनलाइन बुकिंग आहे, माणसांवर मर्यादा आहे, आसपासच्या गावांची समिती काम बघते. म्हणजे वेळाससारखं वाटतं. पण वेळासला माणूस दोरीच्या मागे राहतो आणि कासला पाय फुलांवर पडतो. जांभ्या खडकावर बोटभर माती, त्यात सीतेची आसवं, दवबिंदू अशा नावांची इवलीशी झाडं. त्यावर आडवं पडून फोटो काढणारे मी गेल्या सप्टेंबरात पाहिले. मध्यंतरी पठाराला कुंपण घातलं तर गुरांचं चरणं बंद झालं, गवत माजलं आणि फुलं कमी झाल्याची ओरड झाली. शेवटी कुंपण काढलं. म्हणजे म्हशीचा पाय चालतो, आपला नाही. माझ्या मते कासबद्दल आता कुणी नवं लिहायची गरज नाही. लिहायचंच तर आंबोली, कोयना, सह्याद्रीतला कुठलाही सडा, म्हणजे खडकाळ पठार, घ्या, आणि तिथे वाटेवरूनच बघण्यासारखं काय आहे ते सांगा.

आंबोलीत आणखी एक पेच. तिथल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडलेला इवलासा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये जगापुढे आला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पत्ता जगजाहीर आहे, लपवण्यात अर्थ नाही. तिथे लिहायचं ते वागण्याबद्दल: पाण्यात उतरू नका, साबण नको, निर्माल्य नको. पावसाळी रात्री बेडूक-साप बघायला जाणाऱ्यांनी काठीने साप उचलून ‘चांगल्या’ फांदीवर मांडू नये. असा मांडलेला फोटो मला तरी लगेच ओळखू येतो. सापाची वेटोळी अवघडलेली असतात.

फुकटाचंही सांगून टाकते. एका रिसॉर्टने दोन रात्री मोफत देतो, लिहा, असा निरोप धाडला. नाही म्हटलं. तुम्ही हो म्हणालात तर म्हणा बापडे, पण मजकुराच्या वरच स्पष्ट सांगा. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियमही तेच सांगतात, आणि तसंही ‘अप्रतिम पाहुणचार’ चार वेळा आला की वाचणाऱ्याला वास येतोच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे जायचं आहे, शनिवार-रविवार टाळून. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. काजवे चमकून जोडीदार शोधतात, त्यामुळे गाडीच्या दिव्यांपासून लांब राहणारी जागा हवी, आणि मुक्काम शेंडीत किंवा आसपासच्या वाडीत. अकोले-राजूरकडून शेंडीला संध्याकाळी पोचणाऱ्या एसटीची यंदाची वेळ कुणाला माहीत असेल तर कळवा. मागच्या वर्षीची नको, ती बदललेली आहे.