तुरीच्या शेंड्यावरचा चतुर

बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो काढायला मी सुरुवात केली मृगाच्या किड्यापासून. परभणीजवळच्या आमच्या शेतात जूनच्या पहिल्या पावसानंतर ते लालभडक मखमली जीव मातीवर दिसू लागतात. नाव किडा, पण पाय आठ, नातं कोळ्याशी. जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्समधून डोक्याकडची लव स्पष्ट आली की पाठ धूसर व्हायची. म्हणून जास्त भाग स्पष्ट यावा यासाठी लेन्सचं छिद्र एफ २२ पर्यंत बारीक केलं, तर सगळाच फोटो मऊ, धुरकट. १:१ वर, म्हणजे जीव सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, एफ २२ हे त्याहून बारीक एफ ४४ सारखं वागतं आणि एवढ्याशा छिद्रातून प्रकाश पसरतो, हे तेव्हा कळलं.

मग फोकस स्टॅकिंगकडे वळलो. छिद्र मोठं, एफ ५.६ ठेवायचं, फोकस कणाकणानं पुढं सरकवत फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरनं जोडायचा. माझ्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १:१ ला एफ ५.६ वर जेमतेम अर्धा मिलिमीटर स्पष्ट येतो. पण त्यासाठी जीव हलायला नको, आणि मृगाचा किडा तर थांबतच नाही. नोव्हेंबरपर्यंत वाट पाहिली.

थंडीत पहाटे कीटकांचं अंग गार पडलेलं असतं. ऊन लागेपर्यंत त्यांना उडता येत नाही. साडेसहाला तुरीच्या एका शेंड्यावर चतुर दिसला, डोळ्यांपासून पंखांपर्यंत दहिवरानं भरलेला. बांबूची काठी रोवून तुरीची फांदी कपड्याच्या चिमट्यानं तिला धरली, तेव्हा कुठं ती डुलायची थांबली. कॅमेरा ट्रायपॉडवर एका सरकत्या पट्टीवर, रेलवर बसवला होता; तिचा स्क्रू पाव फेरा फिरवला की कॅमेरा पाव मिलिमीटर पुढं जातो. दोन सेकंदांचा टायमर, पाव सेकंदाचं एक्स्पोजर, पुन्हा पाव फेरा.

बाराव्या फोटोला चौकट खाली उतरलेली दिसली. आदल्या दिवशी तुरीला पाणी दिलं होतं आणि काळ्या मातीत ट्रायपॉडचा एक पाय रुतत चालला होता. थोडीशी हालचाल सॉफ्टवेअर जुळवून घेतं, एवढी नाही. विहिरीजवळून तीन विटा आणल्या, पायांखाली घातल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चेहऱ्याच्या पुढच्या केसापासून डोळ्यांच्या मागच्या कडेपर्यंत सव्वीस फोटो झाले. थोड्या वेळानं ऊन आलं, पंख थरथरू लागले आणि तो उडाला.

हे चाललं होतं तेव्हा अप्पा दोन ओळींपलीकडे तुरीची फुलं चाचपत होते. धुई आली की फुलं गळतात. मला हवी ती ओलसर, गप्प पहाट त्यांच्या पिकावर उठते, हे त्या दिवशी फार टोचलं.

घरी येऊन झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या डीमॅप आणि पीमॅक्स या दोन पद्धतींनी, फोटो जोडले. डीमॅपनं डोळ्यांचा रंग आणि पोत सुरेख राखला, पण केसांवर केस आले तिथं भुरकट वलयं उमटली. पीमॅक्समध्ये प्रत्येक केस सुटा आला. रंग मात्र जरा भडक आणि फोटो दाणेदार. म्हणून आधार डीमॅपचा घेतला आणि फक्त केस पीमॅक्समधून ब्रशनं आणले. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, दोन संध्याकाळी. पण डोळ्यातली एकेक षटकोनी खूण आणि तिच्यावरचा दहिवराचा थेंब एकाच चित्रात पहिल्यांदा दिसला. अप्पांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं पाहता पाहता त्यांनीच हाक मारली, "हिकडं ये, हितं दोन बसलेत. विटा घेऊन ये."